आक्काचा उपास

आमच्या घरात उपास नाहीत. संकष्टी नाही, सोमवार नाही, नवरात्र नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐन तरुणपणात धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, आईच्या गळ्यातला गंडा गेला आणि उपासही गेले. आप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आई तिथंच तंबाखू चाळायची. "आपल्या लोकांचं निम्मं आयुष्य उपाशी गेलंय, आता मुद्दाम कशाला उपाशी राहायचं," असं आप्पा म्हणायचे. त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते आम्हा तिघा भावंडांना पाठ होतं: कुणी सांगितलं म्हणून मानू नको, बघ आणि मग मान.

आम्ही शिकलो. थोरली आक्का प्राथमिक शाळेत बाई झाली आणि निपाणीतच राहिली. मधला अण्णा सरकारी बसवर ड्रायव्हर झाला. मी शेंडेफळ, बेळगावात बँकेत लागले. अण्णाचं घरही बेळगावातच. आमच्यात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, दारात भगत उभा राहायची टाप नाही. पाहुण्यांकडं कुणी मनगटाला काळा दोरा बांधलेला दिसला की आम्ही गालातल्या गालात हसायचो. आता वाटतं, ते हसणंच आम्हाला नडलं. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही अशी ज्याची खात्री असते, त्याच्या घराला कडी नसते.

आप्पांना संडासवाटे रक्त जायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मिळून मूळव्याध ठरवली. वखारीत जन्मभर पोती उचलल्यावर दुसरं काय होणार? सुरणाची भाजी झाली, ताक झालं, कुणीतरी दिलेला मलम झाला. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. त्यांनी फार त्रास काढला आणि गेले. जायच्या आधी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बाजूला बोलावलं. डॉक्टर कन्नड, पण आमच्याशी तोडकं मराठी बोलायचे, अगदी आदरानं. ते म्हणाले, "वडलांना झालं, म्हणजे तुम्हा मुलांना धोका जास्ती. चाळीस झाली ना सगळ्यांची? मग कॅमेऱ्यानं आतडं बघून घ्यायचं. त्रास नसला तरी बघायचं. सुरुवातीला मशाएवढी गाठ असते, तिथंच काढून टाकता येते."

आम्ही तिघांनीही माना हलवल्या. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाला, "बघू की, रजा गावली की." माझी मार्चअखेर होती. आक्का आप्पांच्या खाटेकडं वळली. त्या तपासणीचं प्रकरणच असं की पुढं होऊन जावंसं कुणालाच वाटत नाही. आदल्या दिवशी उपाशी राहून पोट धुऊन काढायचं आणि मग मागून नळी घालून घ्यायची, हे रजेच्या अर्जावर लिहायचं तरी कसं? दिवस गेले. आप्पांचा फोटो भिंतीवर लागला, त्याला हार आला आणि डॉक्टरांचं बोलणं मागं पडलं.

मग आक्का रिटायर झाली आणि पावडर आली.

पहिली मीटिंग समाजमंदिरात झाली, रविवारची वंदना संपल्यावर. मी त्या दिवशी निपाणीतच होते. टाय लावलेला एक माणूस आला होता, मराठी अस्सल आमच्यासारखं. सीमाभागातला माणूस तसाही खुळा. ऑफिसात कन्नड, दवाखान्यात इंग्रजी, असं दिवसभर ऐकून कान किटलेले असतात. कुणी स्वच्छ मराठीत दोन शब्द समजावून सांगितले की निम्मं काम झालं म्हणायचं. त्यानं भिंतीवर आतड्याचं भलंमोठं चित्र पाडलं. हातात लाल दिव्याची काडी. म्हणाला, "आम्ही कुणालाच विश्वास ठेवा म्हणत नाही. हे विज्ञान आहे. हळद, आवळा, जवस, इसबगोल, गव्हांकुर. सगळं झाडापाल्याचं. साइड इफेक्ट शून्य. आतडं आतून स्वच्छ असेल तर कॅन्सर बसणार कुठं?"

पोरं इंजिनिअर झालेले बाप तिथं बसले होते, रिटायर हेडमास्तर होते, नर्सिंग झालेल्या सुना होत्या. सगळ्यांनी टिपणं काढली. त्याच्या हातात मोरपिसं असती तर आम्हीच त्याला हायवेपर्यंत पिटाळला असता. पण हातात लाल दिवा होता आणि तोंडात विज्ञान होतं. भगत टाय लावून आला आणि आम्ही त्याला चहा पाजला.

तरी त्या माणसावर माझा आज तेवढा राग नाही. त्याचं पोट त्याच्यावर होतं. आमच्या घरात पावडर आणली ती आक्कानं.

आक्का कोण, हे सांगायला पाहिजे. आई-आप्पा पहाटे वखारीत जायचे तेव्हा आम्हाला आक्काच सांभाळायची. अण्णा तर तिच्या कडेवरच वाढला. ती शाळेत जायची ती त्याला काखेत मारून, आणि गुरुजी ओरडले की वर्गाच्या दारात बसून शिकायची. मला पाटीवर अक्षर तिनंच गिरवून घेतलं. आम्हाला पहिली चप्पल तिच्या पहिल्या पगारातून आली. त्यामुळं आमच्यात शेवटचा शब्द आक्काचा. आप्पांचं 'बघ आणि मग मान' हे जगासाठी होतं. आक्काला ते लागू नव्हतं.

अण्णाची गाडी बेळगाव-कोल्हापूर. निपाणी स्टँडला बस जेवणासाठी थांबली की आक्का थर्मासमधनं चहा घेऊन हजर असायची. अण्णा डबा उघडायचा, त्यातला भाकरीचा पहिला तुकडा आक्का मोडून घ्यायची आणि मग तो जेवायचा. कित्येक वर्षं हे चाललं होतं. पाऊस असो, ऊन असो, स्टँडवरचे हमालसुद्धा ओळखायचे की ही ड्रायव्हरसाहेबांची बहीण. पुढं पुढं त्या थर्मासबरोबर हिरव्या झाकणाचा डबा यायला लागला.

"सकाळी उपाशीपोटी एक चमचा, रात्री एक चमचा. चुकवू नगोस रं," आक्का सांगायची.

अण्णा चुकवायचा नाही. मीही घेत होते. चव गवतासारखी, पण आक्कानं दिलेलं. मला एकदा डॉक्टरांची आठवण झाली तेव्हा मी म्हटलं, "आक्का, ते कॅमेऱ्याचं तपासून घ्यायचं तसंच राहिलंय गं आपलं."

आक्का हसली. "बारके, आतनं सगळं साफ ठेवल्यावर तपासायचं काय? चांगली चालती गाडी कोण खोलून बघतंय व्हय?"

अण्णाला ते फार पटलं. ड्रायव्हर माणूस, त्याला इंजिनाची भाषा कळते. त्यानं मांडीवर थाप मारली आणि तो विषय तिथंच संपला.

आक्का त्या पावडरीच्या कामात भराभर वर चढली. बाईंचा शब्द म्हणून निपाणीतल्या, चिकोडीतल्या, संकेश्वरातल्या बायका तिच्याकडून डबे न्यायला लागल्या. मोठ्या हॉलमधल्या एका कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावलं. मी पुढच्या रांगेत होते. आक्कानं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "माझे आप्पा आतड्याच्या कॅन्सरनं गेले. तो रोग आमच्या रक्तात हाय. पण मी आज तुमच्यापुढं ठणठणीत उभी हाय. कशामुळं, ते तुमास्नी ठाऊक हाय." बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. आज तो हॉल आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर वर्षभरात अण्णाचं पोट बिघडायला लागलं. मला कुणी सांगितलं नाही. पुरुषमाणूस, बहिणीला काय सांगणार? पण आक्काला त्यानं सांगितलं. आक्का म्हणजे त्याची आईच. रक्त पडतंय, म्हणाला. पोट साफ होत नाही आणि गाडीवर मध्येच कळ येते. आक्कानं काय सांगितलं ते मला पुढं वहिनीकडून कळलं. "घाबरू नगोस. आत साचल्याली घाण भाईर पडतीया. एकाचे दोन चमचे कर."

अण्णानं दोन केले, मग तीन.

बेळगाव सुटून काकती येतंय न येतंय तोवर त्याला बस बाजूला घ्यावी लागायची. प्रवासी कुरकुर करायचे. कंडक्टर भला माणूस, तो कन्नडमध्ये विचारायचा, "आराम इल्लेन्री?" बरं नाही का, म्हणून. अण्णा मान हलवून टाकायचा आणि रस्त्याकडेच्या झाडीत जायचा. दिवसातून कितीदा तरी. पँट ढगळ झाली, तर वहिनीला म्हणाला, पावडरनं चरबी उतरतीया.

मला कळलं ते जयंतीच्या मिरवणुकीत. जयंतीला आम्ही सगळे निपाणीला जमतो. निळा झेंडा घेऊन अण्णा सगळ्यात पुढं नाचायचा, शर्टाला पिळलं तर घामाची बादली भरावी असा. त्या वर्षी तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. ओठ पांढरे. मी पाणी दिलं तर म्हणाला, "बारके, मला घरला ने." अण्णा मिरवणूक सोडून घरी न्या म्हणतोय म्हटल्यावर मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला बेळगावला त्याच डॉक्टरांकडं नेलं. केस पिकले होते त्यांचे, पण आप्पांना ते विसरले नव्हते. तपासण्या झाल्या. गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडली होती, शेजारच्या ग्रंथींत शिरली होती. ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी लागली. पुढं महिनोन्महिने सलाइनमधून औषधं घ्यायची. वाचेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू. औषध मध्ये सोडायचं नाही. सोडलं तर मी काही सांगू शकत नाही." मग थांबून म्हणाले, "तुम्हाला सांगितलं होतं ना मी? तेव्हा बघितलं असतं तर मशाएवढं असतं."

मी त्यांना पावडरीचं सांगितलं. मला वाटलं, झापतील. त्यांनी झापलं नाही. म्हणाले, "पालेभाजी खावा, कडधान्य खावा, जवस खावा. पोटाला चांगलंच आहे. पण पावडरला आतलं दिसत नाही. बघायचं ते बघायलाच लागतं. आणि हे औषध चालू असताना मला विचारल्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही. तुमची तारीख कधी देऊ?"

मी तारीख घेऊनच उठले.

तपासणीच्या आदल्या दिवशी घरीच पोट धुवायचं औषध दिलेलं असतं. तीही पावडरच, पाण्यात कालवून प्यायची. मी बरण्या-पेले मांडून बसले होते तेवढ्यात आक्काचा फोन आला. अण्णाच्या आजारपणापासून ती फार थकल्यासारखी बोलायची.

"पाणी कसलं घेतलंयस? साधं नगो घेऊस बारके, फ्रीजमधलं घे. लिंबू पिळ त्यात, चव मरती. सुरवातीला सोपं जातंय. शेवटचे पेले जात न्हाईत, घशाशी येत्यात. तवा आल्याचा तुकडा चोखत ऱ्हा. आणि आदीच खोबरेल लावून ठेव. पुसून पुसून सोलून निघतंय, बसवत न्हाय दोन दिस. मऊ धोतराचा तुकडा घे, कागद वापरू नगोस."

"व्हय, व्हय," म्हटलं मी. फोन ठेवला. फ्रीजमधून पाणी काढलं, लिंबू कापलं. पिळता पिळता माझा हात थांबला.

दवाखान्यानं मला एक कागद दिला होता, काय खायचं आणि कधी प्यायचं. त्यात लिंबू नव्हतं. खोबरेल तर नव्हतंच. लिंबाचं कुणी सांगितलंही असेल, कुठं वाचलंही असेल. पण शेवटचे पेले घशाशी येतात आणि दोन दिवस बसवत नाही, हे वाचून कळत नाही. ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. अण्णाची तपासणी तर भरती असताना झाली, त्याचं सगळं नर्सनं बघितलं, आक्का तेव्हा तिथं नव्हती. मग हिला कसं कळलं?

मी स्वतःलाच दटावलं. बँकेत खोट्या सह्या धरून धरून सगळीकडं संशय घ्यायची खोड लागलीय तुला, म्हटलं. आणि ते औषध प्यायले. लिंबानं खरंच चव मेली. शेवटचे पेले खरंच घशाशी आले. आल्याचा तुकडा चोखला तर उतरले. खोबरेल लावलं नव्हतं, आणि आक्का म्हणाली तसंच झालं. रात्रभर मला एकच वाटत राहिलं, की आक्का या वाटेनं माझ्याआधी जाऊन आलीय.

माझ्या आतड्यात एक लहान गाठ निघाली. डॉक्टरांनी तिथल्या तिथं काढली. "आता घाबरायचं काम नाही," म्हणाले, "अजून काही वर्षं राहिली असती तर भावाच्या वाटेनं गेली असती." मी हसले की रडले ते आठवत नाही. त्या आठवड्यातच निपाणीची बस धरली.

आक्का सोप्यात बसून मसूर निवडत होती. मागं फळीवर हिरव्या झाकणांचे डबे. पाणी दिलं, बरं आहे का विचारलं. मी पेला खाली ठेवला.

"आक्का, तू कवा केलीस?"

काय केलीस, असं तिनं विचारलं नाही. ताटातले खडे बाजूला सारत राहिली. तिथंच मला उत्तर मिळालं. पण मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"रक्त दिसलं एकदा," ती म्हणाली. "आप्पाचं आठवलं. भ्याले. बेळगावात कुणीबी वळखलं असतं, म्हणून कोल्हापूरला जाऊन आले."

"काय निघालं?"

"गाठ. बारकी. काढली तिथंच. साधी व्हती."

"हॉलमधल्या कार्यक्रमाच्या आधी का नंतर?"

ती परत खडे शोधायला लागली. मी परत विचारलं.

"आदी," म्हणाली. "पावडरमुळंच साधी राहिली असंल की गं ती. मला खरंच तसं वाटलं."

म्हणजे ती स्टेजवर ठणठणीत उभी होती ती कॅमेऱ्यामुळं. माईकवर श्रेय दिलं डब्याला. चला, म्हटलं, लोकांना गंडवलंस, तुझं तू बघ. "पण अण्णाला रक्त पडलं तवा? तुला तर ठाऊक होतं रक्त पडलं की काय करायचं. तू स्वतः काय केलंस? चमचे वाढवलेस?"

"माझ्या शब्दावर किती बायका घेत्यात, बारके. मीच दवाखान्यात जाऊन आले म्हटल्यावर त्यास्नी काय तोंड दाखवू?"

"बायकांना नको सांगू. अण्णाच्या कानात सांगायचं. एवढं एकच वाक्य, जाऊन तपासून ये."

"त्यानं तुझ्या वहिनीला सांगितलं असतं. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय." आणि मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, त्याला मूळव्याध असंल."

मूळव्याध. आप्पांना आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेली तीच मूळव्याध. तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. आक्काला कळत होतं.

कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुठं मागायची? परक्यानं फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते, माझं तोंड काही कमी नाही. आक्काला कुठली शिवी घालू? बोलायला मला तिनंच शिकवलंय. मी म्हटलं, "तू केसानं गळा कापलास आमचा." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मसुरात पडलं, आणि मला तिची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. आली नाही.

निघताना तिनं माझा हात धरला. "अण्णाला सांगू नगोस. ह्या हालात त्याला सोसायचं न्हाय." हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिचं झाकायलासुद्धा तिनं अण्णाचाच जीव पुढं केला.

तरी मी गप्प राहिले. खरंच नाही सोसलं तर, ही भीती मलाही होतीच. अण्णाला दर काही दिवसांनी दवाखान्यात नेऊन औषध चढवायचे. बोटं बधिर व्हायची, गार पाण्याला हात लावला की विंचू चावल्यासारखं व्हायचं. तोंडाची चव गेलेली. ज्या हातांनी त्यानं आख्ख्या जन्मात एकही गाडी घासली नाही, त्या हातांतून चहाचा कप सुटायचा.

एका दुपारी मी त्याच्याकडं गेले तर तो कॉटवर बसून ताकात पावडर कालवत होता. हिरव्या झाकणाचा डबा मांडीवर. डॉक्टरांनी नको म्हटलंय ना, असं मी म्हणायच्या आत तोच म्हणाला, "बारके, मी ठरवलंय. ते दवाखान्यातलं आता बास. जीव नुसता सोलून निघतोय. उद्याच्याला जायाचं न्हाय. आक्काचं हे घेतो. आक्काच्याबी रक्तात त्योच रोग व्हता न्हवं? तिला काय झालं? फकस्त ह्याच्यावर राहिली की ती."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती सकाळपासून हेच ऐकत होती. उद्या तो गेला नाही तर परवा जाणार नाही, आणि मग कधीच जाणार नाही. तो आमच्या आप्पांचा हट्टी मुलगा आहे. त्याला या जगात एकाच माणसाचा शब्द चालतो.

मी त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि सगळं सांगितलं. आक्काला रक्त दिसलं, ती कोल्हापूरला गेली, कॅमेऱ्यानं बघितलं, गाठ काढून घेतली. मग हॉलमध्ये उभी राहिली. मग तुला चमचे वाढवायला सांगितलं. हळूवार करून सांगायचं मला येत नाही, आणि त्या दिवशी यायलाही नको होतं.

तो ओरडला नाही. खोटं बोलतीस असं म्हणाला नाही. मग त्यानं विचारलं, "कोल्हापुरात कुठं?"

आक्काकडून मी तेही काढून घेतलं होतं. कुठला दवाखाना, कुठल्या रस्त्यावर, ते मी सांगितलं. तो डोळे मिटून ते ठिकाण आठवत होता, रोजचा रस्ता त्याचा.

"त्या दिशी गाडीवर मीच व्हतो," तो म्हणाला.

"कुठल्या दिवशी?"

"कंपनीची डॉक्टर लोकांसंगं मीटिंग हाय म्हणाली. मुक्कामाला चाललेय म्हणाली. निपाणीला चढली. चहा आणला न्हवता, म्हटलं घाईत असंल. मी डबा उघडला. हिनं सुकटाची चटणी दिलती, आक्काच्या आवडीची." त्यानं दाराकडं, वहिनीकडं बघितलं. "भाकरी पुढं केली तर तिनं हात लावला न्हाय. उपास हाय म्हणाली."

"उपास?"

"व्हय. मी हसलो. म्हटलं, आक्का, आपल्यात उपास कवापासनं? आप्पानं ऐकलं असतं तर ताट भिरकावलं असतं. ती खिडकीतनं भाईर बघत बसली. मला वाटलं, नव्या मैतरणींचं वारं लागलं असंल. मी एकटाच जेवलो."

वहिनी आत येऊन त्याच्या पायाशी बसली. त्यानं डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला. बोटांना आटे लागत नव्हते. मी लावून दिलं.

"कोल्हापुरात शिरल्यावर पुढं आली. म्हणाली, स्टँडपतोर नगो, हितंच उतरव, मीटिंग हितंच हाय. थांबा न्हाय तिथं. लई गर्दीचा रस्ता. कुणासाठी म्हणून थांबवली नसती, पर आक्का व्हती. गाडी आडवी लावली. मागं ट्रकवाला शिव्या देत व्हता, हॉर्न मारत व्हता. मी हात भाईर काढून सगळ्यांस्नी थोपवून धरलं. ती रस्ता वलांडून त्या दवाखान्याच्या दारातनं आत जाईस्तोवर मी गाडी हलवली न्हाय."